विशेष दूत नेमल्याने परक्या देशातील यादवी थांबते का?

धुळ्यातील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी मला असे विचारले आहे: सीरिया, येमेन, लिबिया, सुदान, म्यानमार अशा देशांतील यादवीसाठी एकामागून एक विशेष दूत नेमले गेले, तरी युद्धे चालूच राहिली, मग असा दूत नेमण्याचा खरोखर उपयोग काय, आणि आपल्या शेजारच्या म्यानमारसाठी भारताने असा दूत नेमावा का? परराष्ट्र व्यवहाराच्या नोकरीत आणि पुढे आफ्रिकेतील दोन मध्यस्थी पथकांत मिळून माझी बावीस वर्षे गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. तो परीक्षेपुरता नाही, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार आहे.

उपयोग होतो, आणि कधीकधी फार मोठा होतो. मात्र नेमणाऱ्या सरकारला त्या देशात नेमके काय घडायला हवे आहे, त्यासाठी ते काय द्यायला व काय सोसायला तयार आहे आणि दूताने दिलेला शब्द ते स्वतःचा शब्द म्हणून पाळणार आहे की नाही, या तीन गोष्टी नेमणुकीच्या आधी ठरलेल्या असाव्या लागतात. त्या न ठरवता केवळ ‘आम्ही काहीतरी करत आहोत’ हे दाखवण्यासाठी दूत पाठवला, तर त्याने नुकसानच होते. कारण दूताचे दौरे चालू आहेत तोवर बाकीचे सगळे हातावर हात ठेवून बसतात आणि लढणाऱ्यांना आणखी एक हंगाम मिळतो.

राजदूत असताना वेगळा दूत कशाला, हे आधी समजून घ्यायला हवे. राजदूताची नेमणूक एका राज्याने दुसऱ्या राज्याकडे केलेली असते. तो आपले अधिकारपत्र त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाला सादर करतो, आणि १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे त्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे बंधन त्याच्यावर असते. यादवीत मात्र त्या सरकारविरुद्ध शस्त्र उचललेल्या माणसांशीही बोलावे लागते. राजधानीतला राजदूत उठून बंडखोरांच्या छावणीत गेला, तर दुसऱ्या दिवशी त्याला देश सोडायला सांगितले जाण्याची शक्यता असते. शिवाय व्हिसा, व्यापार, अडकलेले नागरिक ही त्याची रोजची कामे त्याच सरकारच्या मर्जीवर चालतात. विशेष दूत या जोखडातून मोकळा असतो. त्याचे काम एकच, मुदत ठरलेली, आणि तो थेट पंतप्रधान, राष्ट्राध्यक्ष किंवा संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांशी बोलू शकतो. शेजारच्या चार राजधान्यांत तो एकाच आठवड्यात जाऊन येतो, जे कोणत्याही एका राजदूताला शक्य नसते. पेशव्यांच्या काळातील वकील दरबारात कायम राहून बातमीपत्रे पाठवत असत आणि एखाद्या तहाच्या बोलणीसाठी निराळा माणूस रवाना होत असे, हे आपल्या वाचनात आलेले असेल. फरक साधारण तोच आहे.

अशा भेटीत काय घडते ते एका प्रसंगावरून सांगते. मुरमाच्या धावपट्टीवर आमचे छोटे विमान उतरले, आणि थोड्या अंतरावर कडुनिंबाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या सहा खुर्च्या मांडलेल्या होत्या. बंडखोरांचा सेनापती आला, बसला, आणि सत्तावाटप, निवडणूक, संविधान यांपैकी कशाबद्दलही न बोलता त्याने शाळकरी मुलांची असते तशी एक वही पुढे केली. तिच्यात चाळीसेक नावे हाताने लिहिलेली होती, आणि प्रत्येक नावापुढे गावाचे नाव आणि पकडल्याची तारीख होती. ही आमची माणसे तुरुंगात आहेत, ती जिवंत आहेत की नाहीत एवढे कळवा, मग पुढचे बोलू, असे त्याने सांगितले. आमच्या दूताने जवळ आणलेला कागद बाहेरच काढला नाही. पुढचे सात आठवडे आम्ही त्या नावांचा माग काढत होतो. एकोणतीस जणांचा पत्ता लागला, आणि त्यानंतर त्या सेनापतीने आमच्याशी जे बोलणे केले ते त्याने तोवर कोणाशीही केले नव्हते. राजदूताला ही वही कोणी दिली नसती, आणि दिली असती तरी त्याला ती स्वीकारता आली नसती.

माझ्या मते या कामाचा सर्वांत शिकण्यासारखा नमुना दक्षिण सुदानचा आहे, त्यातील यशामुळे आणि त्यातील चुकांमुळेही. सुदानच्या उत्तर आणि दक्षिण भागांतील युद्ध १९८३ पासून चालू होते, आणि त्यात सुमारे वीस लाख माणसे मेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ६ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी माजी सिनेटर जॉन डॅनफर्थ यांना विशेष दूत नेमले. डॅनफर्थ यांनी शांततेची योजना मांडली नाही. ही दोन्ही बाजूंची माणसे दिलेला शब्द पाळतात की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी चार लहान कामे समोर ठेवली: नुबा पर्वतात शस्त्रसंधी, लसीकरण व मदतकार्यासाठी काही भागांत ठरावीक दिवस शांतता, नागरिकांवरील हल्ले थांबवणे, आणि माणसे पळवून गुलाम करण्याच्या प्रकारांची आंतरराष्ट्रीय चौकशी. शांततेच्या दिवसांतील मोहिमा पोलिओविरुद्ध, गुरांच्या बुळकांडीविरुद्ध आणि नारू या कृमिरोगाविरुद्ध होत्या. बुळकांडी आणि नारू हे शब्द साक्री तालुक्यातील माझ्या आईच्या पिढीला चांगले ठाऊक होते. ज्या मुलखात गाय ही घराची सगळी पुंजी असते तिथे गुरांना लस टोचण्यासाठी बंदूक खाली ठेवा असे सांगितले, तर नाही म्हणणाऱ्याला आपल्याच माणसांसमोर तोंड दाखवणे कठीण जाते. मला या मागणीतले शहाणपण फार मोठे वाटते.

नुबा पर्वताचा शस्त्रसंधी करार जानेवारी २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाला. पण २० फेब्रुवारीला दक्षिणेत बिए या गावी संयुक्त राष्ट्रांचे अन्नवाटप चालू असताना सरकारी हेलिकॉप्टरने जमलेल्या लोकांवर हल्ला केला आणि त्यात वीसहून अधिक माणसे मेली. अमेरिकेने त्याच आठवड्यात खार्टूमशी, म्हणजे सुदान सरकारशी, चाललेली बोलणी थांबवली, आणि मार्चमध्ये नागरिकांवर हल्ले न करण्याचा आणि त्यावर बाहेरची देखरेख स्वीकारण्याचा लेखी करार झाल्यावरच ती पुढे सरकली. दूताच्या पाठीशी सरकार उभे असणे म्हणजे काय, ते इथे दिसते. डॅनफर्थ एकटे असते, तर त्यांनी तीव्र दुःख व्यक्त करून पुढच्या बैठकीची तारीख मागितली असती.

आणखी एक गोष्ट डॅनफर्थ यांनी केली नाही, आणि ती केलेल्या गोष्टींइतकीच महत्त्वाची आहे. त्यांनी अमेरिकेची स्वतंत्र वाटाघाट उभी केली नाही. पूर्व आफ्रिकेतील देशांच्या इगाड या संघटनेची बोलणी केनियात आधीपासून चालू होती आणि केनियाचे जनरल लाझारो सुंबेइवो तिचे मध्यस्थ होते. अमेरिका, ब्रिटन आणि नॉर्वे यांनी आपले वजन त्यांच्या पाठीशी लावले. जुलै २००२ मध्ये माचाकोस येथे दक्षिणेला सार्वमताचा हक्क मान्य झाला, पुढे नैवाशा येथे दक्षिणेचे नेते जॉन गरांग आणि सुदानचे उपाध्यक्ष अली उस्मान ताहा महिनोन्‌महिने समोरासमोर बसले, आणि ९ जानेवारी २००५ रोजी नैरोबीत सर्वंकष शांतता करारावर सह्या झाल्या.

या कराराचे कौतुक करताना त्याची किंमतही सांगायला हवी. बोलणीच्या टेबलावर दोनच खुर्च्या होत्या, खार्टूम सरकारची आणि गरांग यांच्या संघटनेची. पश्चिमेकडील दार्फुरमधील लोकांच्या तक्रारी जुन्या होत्या, पण ज्याच्या हाती बंदूक आहे त्यालाच तेल आणि सत्ता यांत वाटा मिळतो हे ते केनियातील बोलणीकडे पाहून शिकत होते. २००३ च्या आरंभी दार्फुरमध्ये उठाव झाला, आणि नैवाशाची बोलणी मोडू नयेत म्हणून बाहेरच्या देशांनी त्यावर बोलण्यास उशीर केला. तो उशीर फार महागात पडला. गरांग जुलै २००५ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले, दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला, आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्या नव्या देशातच यादवी पेटली. मध्यस्थांनी दोन बाजूंमधला करार घडवला होता. प्रत्येक बाजूच्या आत काय शिजत आहे इकडे पाहायला कोणाला सवड झाली नव्हती. या कामात राहिलेल्या माझ्यासारख्या सगळ्यांनी त्या चुकीचा वाटा आपल्याकडे घ्यायला हवा.

सीरियाचे उदाहरण याच्या उलट आहे आणि लवकर सांगून होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथे दूत नेमलेले संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांच्यापेक्षा वजनदार माणूस जगात मिळाला नसता. त्यांच्यानंतर आलेले लखदर ब्राहिमी आणि स्टाफान द मिस्तुरा हेही मुरलेले मुत्सद्दी होते. पण सुरक्षा परिषदच दुभंगलेली होती, रशिया आणि चीन नकाराधिकार वापरत होते, दुसरीकडे विरोधकांना शस्त्रे देणारे देश होते, आणि दूताच्या हाती त्याच्या मनाच्या मोठेपणाखेरीज काहीच नव्हते. अन्नान यांनी ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, राजीनामा जाहीर केला. तो प्रामाणिक राजीनामा होता. सीरियाचे राष्ट्राध्यक्ष असाद यांची सत्ता अखेर डिसेंबर २०२४ मध्ये पडली ती रणांगणावर. बोलणीने पडली नाही.

त्याच अन्नान यांनी चार वर्षे आधी केनियात काय केले ते या शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर तिथे उसळलेल्या हिंसाचारात हजाराहून अधिक माणसे मेली आणि काही लाख बेघर झाली. आफ्रिकी संघाच्या वतीने अन्नान, मोझांबिकच्या माजी मंत्री ग्रासा मशेल आणि टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन म्कापा आले, आणि ४१ दिवसांत, २८ फेब्रुवारी २००८ रोजी, सत्तावाटपाचा करार झाला. यश मिळण्याची कारणे पुष्कळ होती, पण ज्यावर मी बोट ठेवीन ते हे की मध्यस्थी एकच राहील असा अन्नान यांचा आग्रह होता आणि अमेरिकेपासून शेजारच्या देशांपर्यंत सर्वांनी तो मान्य केला. दोन मध्यस्थ असले की लढणारा नेता एकाकडून मिळालेला नकार दुसऱ्याकडे घेऊन जातो आणि तिथे बरा भाव मिळतो का ते पाहतो. एप्रिल २०२३ पासून सुदानात जे नवे युद्ध पेटले त्यात जेद्दा, अदिस अबाबा, कैरो, जिनिव्हा असे एकामागून एक मंच उभे राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी विशेष दूताने जिनिव्हात बोलावलेल्या बैठकीला तर सुदानच्या लष्कराचे प्रतिनिधी आलेच नाहीत. मदतीचे काही मार्ग उघडले, तेवढेच काय ते पदरी पडले.

मध्यस्थाच्या निःपक्षपातीपणावर मोठी पुस्तके लिहिली गेली आहेत, पण मला तो विषय पांझरा नदीकाठच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीवरून कळला. आमच्या भागात बंधाऱ्याचे पाणी फडांना सोडण्याचे काम पाटकरी करत असे. तो कोणा एका शेतकऱ्याचा माणूस नसे. त्याचा मोबदला सगळे बागायतदार मिळून देत, पुष्कळदा धान्याच्या रूपात, आणि पाण्याचा क्रम पंचांनी ठरवलेला असे. पाटकरी गावातलाच होता, त्याची नाती होती, आवडीनिवडी होत्या. तो मनाने तटस्थ होता असे कोणीही म्हणत नसे. त्याचे पोट कोणा एकावर अवलंबून नाही, एवढे सर्वांना ठाऊक होते आणि तेवढे पुरत असे. लिबियासाठी संयुक्त राष्ट्रांचे दूत असलेल्या बर्नार्दिनो लिऑन यांनी २०१५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या मुत्सद्देगिरी प्रबोधिनीचे प्रमुखपद स्वीकारल्याचे उघड झाले, आणि अमिराती त्या यादवीत एका बाजूला पाठिंबा देणारा देश होता. आपण पक्षपात केला नाही असे लिऑन यांचे म्हणणे होते, आणि कदाचित तसेच असेल. पण त्रिपोलीतील विरुद्ध बाजूने त्यावर विश्वास का ठेवावा, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

आता भारताकडे येऊ, कारण विशेष दूत पाठवण्याचा आपला अनुभव लहान नाही. जुलै १९८३ मध्ये कोलंबोत तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्यावर इंदिरा गांधी यांनी जी. पार्थसारथी यांना विशेष दूत म्हणून श्रीलंकेला पाठवले. त्यांनी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने आणि तमिळ नेते यांच्याशी बोलून प्रादेशिक परिषदांचा जो मसुदा घडवला तो ‘ॲनेक्शर सी’ या नावाने ओळखला जातो. मसुदा चांगला होता. परंतु त्याच काळात तमिळ सशस्त्र गटांना भारतात प्रशिक्षण मिळत होते, आणि कोलंबोला ते ठाऊक होते. एका हाताने शिष्टाई आणि दुसऱ्या हाताने शस्त्र अशी स्थिती असली की दूत कितीही सज्जन असो, समोरचा त्याच्या दुसऱ्या हाताकडेच पाहत राहतो. १९८५ मध्ये सूत्रे परराष्ट्र सचिव रोमेश भंडारी यांच्याकडे गेली, पद्धत बदलली, श्रीलंका सरकार आणि तमिळ गट यांची भूतानमधील थिम्पू येथील बोलणी निष्फळ ठरली, आणि अखेर १९८७ चा करार व त्यामागोमाग गेलेली शांतिसेना यांत आपले हजाराहून अधिक जवान कामी आले. दूत बदलणे ही साधी बदली नसते. आधीच्याने मिळवलेला विश्वास त्याच्याबरोबर निघून जातो, आणि नवा माणूस पहिल्या पायरीवर उभा राहतो.

नेपाळमध्ये एप्रिल २००६ मध्ये वेगळी चूक झाली आणि ती लवकर सुधारली गेली. राजा ज्ञानेंद्र यांच्याविरुद्ध काठमांडूचे रस्ते भरलेले असताना भारताने डॉ. करण सिंग यांना पाठवले. ते विद्वान, अनुभवी, आणि राजाशी मोकळेपणाने बोलू शकणारे होते. पण ते स्वतः काश्मीरच्या राजघराण्यातले आणि त्यांच्या पत्नी नेपाळच्या राणा घराण्यातल्या, त्यामुळे भारत राजाला वाचवायला निघाला आहे असा अर्थ रस्त्यावरच्या माणसाने काढला. २१ एप्रिलला राजाने सत्ता राजकीय पक्षांकडे सोपवण्याची घोषणा केली, भारताने तिचे स्वागत केले आणि आंदोलकांनी ती झिडकारली. मग परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी नेपाळी जनतेचा निर्णय तोच आमचा, असे जाहीरपणे स्पष्ट केले, आणि २४ एप्रिलच्या रात्री राजाने संसद पुन्हा स्थापन केली. दूताची निवड हाच पहिला संदेश असतो, आणि तो दूत विमानातून उतरण्याआधी पोहोचलेला असतो.

गुप्ततेबद्दल एवढेच सांगते. ज्या पथकात मी होते त्यातील एका दूताने, सेनापतीने खासगीत मान्य केलेली माघार कॅमेऱ्यासमोर सांगून टाकली. उद्देश चांगला होता. लोकांना आशा वाटावी असे त्याला वाटले. त्या सेनापतीला स्वतःच्याच लोकांनी जाब विचारला आणि पुढचे पाच महिने त्याचा सॅटेलाइट फोन आमच्यासाठी बंद राहिला. त्या पाच महिन्यांत ज्या गावांवरून लढाई फिरली त्यांची नावे मला पाठ आहेत.

तर म्यानमार. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर आग्नेय आशियाई देशांच्या आसियान संघटनेने एप्रिलमध्ये पाच कलमी सहमती केली आणि विशेष दूत नेमण्याचे ठरवले. पण अध्यक्षपद दरवर्षी दुसऱ्या देशाकडे जाते आणि दूतही बदलत राहतो, त्यामुळे कोणालाच मुळे धरता आली नाहीत. भारताची या देशाशी १,६४३ किलोमीटरची सीमा आहे. मिझोरममध्ये हजारो निर्वासित राहत आहेत. मिझोरमला म्यानमारमार्गे समुद्राशी जोडणाऱ्या भारताच्या कलादान प्रकल्पाचा जलमार्ग ज्या पलेटवापर्यंत जातो ते गाव जानेवारी २०२४ मध्ये लष्कराविरुद्ध लढणाऱ्या अराकान आर्मी या गटाने घेतले, म्हणजे आपण सरकारशी केलेल्या कराराची जमीन आता त्या सरकारच्या ताब्यात नाही. यांगूनमधील आपल्या राजदूताने या गटाशी उघडपणे बोलावे अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. म्हणून माझे उत्तर होय असे आहे, भारताने दूत नेमावा.

पण तो कसा, हे महत्त्वाचे. त्याची मुदत किमान तीन वर्षांची असावी आणि सरकार बदलले तरी ती मोडू नये. तो पंतप्रधानांशी थेट बोलणारा असावा, आणि गृह, संरक्षण व परराष्ट्र या तिन्ही खात्यांना त्याच्याशी विसंगत वागण्याची मुभा नसावी. १९८३ ची चूक टाळायची तर ही अट सर्वांत आधी हवी. त्याने आसियानला बाजूला सारू नये, त्यांच्या बोलणीच्या मागे आपले वजन उभे करावे. त्याच्याबरोबर बर्मी आणि म्यानमारमधील चिन समाजाच्या भाषा जाणणारी माणसे असावीत, आणि शस्त्रसंधीची रेषा नकाशावर कशी ओढतात हे जाणणारा एक निवृत्त लष्करी अधिकारी असावा. नेमणुकीची घोषणा झाली तर ती एका परिच्छेदाची असावी.

पहिल्या वर्षी त्याच्याकडून शांतता कराराची अपेक्षा कोणी करू नये. मिझोरममधील झोखावथार येथे तियाऊ नदीवर एक पूल आहे, आणि पलीकडे म्यानमारचा चिन प्रांत सुरू होतो. त्या पुलावरून औषधे आणि मुलांच्या लसी नेण्यासाठी पंधरा दिवस विमानांतून बॉम्ब पडणार नाहीत असा शब्द लष्कराकडून, आणि त्या गाड्या अडवल्या जाणार नाहीत असा शब्द तिथल्या चिन सशस्त्र गटांकडून, दूताने मिळवून दाखवावा. पंधरा दिवस तो शब्द टिकला, तर पुढचे काय मागायचे ते त्याला कळेल. आणि मोडला, तर तो कोणी मोडला हे दिल्लीला कळेल आणि त्यावर काय करायचे ते दिल्लीने आधीच ठरवलेले असायला हवे.